'सौ.' काढू की ठेवू? खडेबाजारातल्या शिल्डच्या दुकानाचा आमचा अनुभव

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कापलाय, त्यातला एक डिलिव्हरीचा आणि अर्धा त्या गुलाबी शिल्डांचा. आणि दिलेत त्यातले निम्मे मालकाचे नाहीतच, आत कॉम्प्युटरवर बसते त्या पोरीचे आहेत. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढं चुकापण लिहिणार आहे, आणि मालकांशी आता ओळख झालीय. खडेबाजारात शिल्ड, कप, शाल, हार हे सगळं एका जागी मिळणारी दुकानं काही ढीगभर नाहीत, बेळगावकरांना कळेल बरोबर.

तर झालं असं की आमच्या क्रेडिट सोसायटीनं गेल्या वर्षी ठरवलं, 8 मार्चला महिला दिन करायचा आणि चार कर्तबगार बायकांचा सत्कार करायचा. चांगलं आहे की. मग ठराव काय, तर कार्यक्रम लेडीज स्टाफनंच करायचा. म्हणजे हार आम्हीच आणायचे, खुर्च्या आम्हीच मांडायच्या, उप्पीट-शिरा आम्हीच सांगायचा, आणि डायरेक्टर लोकांनी येऊन नारीशक्तीवर भाषण करून जायचं. असो, तो विषय वेगळा. शिल्ड आणायचं काम माझ्याकडं आलं.

दुकान बाहेरून लहान दिसतंय पण आत लांबलचक. एका भिंतीला क्रिकेटचे कप, खाली कुस्तीच्या गदा, मग भजन स्पर्धा, गणपती मंडळ, रिटायरमेंटची घड्याळं. आणि 'लेडीज' म्हणून एक फळी, फक्त एक. त्यावर गुलाबी अॅक्रिलिकची फुलपाखरं, केस उडवत बघणारी एक बाई, आणि एक दहा हातांची बाई, एका हातात पळी, एकात लॅपटॉप, एकात बाळ, एकात फोन, बाकीच्या हातात काय काय होतं आता आठवत नाही. मालक म्हणाले मॅडम हेच सगळ्यात जास्त जातंय. मी म्हटलं पुरुषांसाठी असं दहा हातांचं आहे काय? हसले, म्हणाले जेन्ट्सना साधा कप चालतो.

वरच्या फळीवर मात्र माल भारी. घोड्यावरची कित्तूर चन्नम्मा, शेजारी सावित्रीबाई, छोट्या शिवबासोबत जिजाऊ, हातात पिंड घेतलेल्या अहिल्यादेवी, सगळ्या फायबरच्या, रंगकाम नीटस. चन्नम्मा ऑक्टोबरमध्ये कित्तूर उत्सवाला संपते, सावित्रीबाई 3 जानेवारीला, आणि राहिलेला स्टॉक मार्चमध्ये काढतात असं मालकांनीच सांगितलं. चौदाशे रुपये एक. आमच्या बजेटच्या बाहेर. शेवटी लाकडी पाट आणि त्यावर सोनेरी पत्रा, त्यावर छापलेली अक्षरं, असं साधं शिल्ड घेतलं, साडेआठशेचं घासाघीस करून आठशेला. आठ इंची. हातात घेतल्यावर वजन जाणवतं, पोकळ वाटत नाही, हे एक नंबर.

आता खरी गोष्ट.

मी नावांची यादी दिली. एक आमच्याच गावाकडच्या शाखेची मॅनेजर, एक्केचाळीस वर्षांची, लग्न केलेलं नाही. दुसरी खानापूरकडच्या एका गावातल्या स्त्रीशक्ती संघाची, म्हणजे बायकांच्या बचत गटाची, अध्यक्षा, नवरा जाऊन बारा वर्षं झाली. तिसरी निपाणीकडची आशा ताई (गावात आरोग्याचं काम करणारी), चौथी ग्रामपंचायत अध्यक्षा, दोघी लग्न झालेल्या. शिल्डवर वर कन्नड, खाली मराठी, आपल्याकडं तसंच लागतं. अर्ध्या तासानं आतनं प्रूफ आलं तर चारीच्या चारी नावांपुढं 'श्रीमती'! वर कन्नडमध्येपण श्रीमती, खाली मराठीतपण श्रीमती.

मी उडालेच. म्हटलं बाई गं, आशा ताईचा नवरा चांगला धडधाकट आहे, हे शिल्ड घरी गेलं तर सासूबाई काय म्हणतील. ती पोरगी गोंधळली. बावीस-तेवीसची असेल, घरी कन्नड बोलणारी, मराठी थोडं अडखळत पण छान बोलते. म्हणाली, अक्का, श्रीमती म्हणजे लग्न झालेलीच की! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कन्नडमध्ये श्रीमती म्हणजे नवरा असलेली, आणि आपल्या मराठी घरांत अजून बऱ्याच ठिकाणी श्रीमती म्हटलं की नवरा गेलेली असंच धरतात, सरकारी कागदावर काहीही असो. शब्द तोच, अर्थ एकदम उलटा. इतकी वर्षं दोन्ही भाषांत राहतोय, कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग तिनं विचारलं, मग मराठीत 'सौ.' टाकू? म्हटलं दोघींना टाक. मग संघाच्या अध्यक्षांना काय, मॅनेजरबाईंना काय, त्यांना कुमारी लिहायचं काय या वयात? एकाच स्टेजवर एकीला सौ., एकीला श्रीमती, एकीला कु., म्हणजे सत्कार कामाचा की नवऱ्याच्या तब्येतीचा हेच कळेना. ती तशीच माऊसवर हात ठेवून बसलेली, 'सौ.' काढू की ठेवू अक्का? मी वर बघितलं तर घोड्यावर चन्नम्मा. 1824 मध्ये कंपनीच्या फौजेला कित्तूरच्या दारात हरवलं तेव्हा ती विधवाच होती आणि दत्तक मुलाला कंपनी वारस मानेना म्हणून तर सगळी लढाई. तिच्या पुतळ्याखाली काय लिहिलंय, नुसतं राणी चन्नम्मा. म्हटलं काढ सगळ्यांचं. नुसतं नाव, खाली पद.

पण ती म्हणाली, काढलं तर एक ओळ रिकामी राहते, तिथं काय घालू? आणि मग तिनं जे विचारलं त्यासाठी मी स्टार दिलेत. म्हणाली, ह्यांनी काय केलं ते सांगा, मी बसवते. दुकानाची रेडी ओळ असते ना, 'आपण समाजासाठी केलेल्या उल्लेखनीय कार्याबद्दल', ती म्हणे आम्ही भजन स्पर्धेलाही तीच टाकतो.

आणि मला सांगता येईना! चौघींचा सत्कार करणार, यादी मी घेऊन आलेली, आणि त्यांनी नेमकं काय केलं हे कुणालाच धड माहीत नाही. दुकानात स्टुलावर बसून चौघींना फोन लावले. मॅनेजरबाईंचं कळलं ते असं, तिच्या गावात बरेच कर्जदार दूधवाले, तर तिनं हप्त्याची तारीखच बदलून डेअरीचं बिल येतं त्या दिवसाला जोडली, दारात जाऊन ओरडायची वेळच येत नाही. आमच्या हेड ऑफिसमध्ये कुणाला पत्ता नाही. संघाच्या अध्यक्षा म्हणाल्या, मी काय केलं हो, आम्ही अठराजणी आहे, बँकेत दर वेळी मीच जात होते, मग ठरवलं दर महिन्याला वेगळी बाई जाईल आणि स्लिप तीच भरेल, आता अठराच्या अठरा जणी सही करून पैसे काढतात. स्त्रीशक्ती योजना 2000 सालापासून चालू आहे, असे संघ गावोगाव आहेत, पण हे असं वाटून घेणं मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडं बघा, चेकवर सहीचा अधिकार दोन माणसांकडं, त्यातला एक रजेवर गेला की सगळं बंद.

आशा ताई बोलायलाच तयार नाहीत. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, कोरोनात कोगनोळीच्या चेकपोस्टवर गाड्या अडवत होते तेव्हा एका बाळंतिणीच्या गाडीत बसून गेले, पोलिसांशी कन्नडमध्ये बोलले, पुढं दवाखान्यात मराठीत बोलले, झालं. झालं म्हणे! ग्रामपंचायत अध्यक्षांचा फोन मात्र नवऱ्यानं उचलला. बोला, मीच सांगतो म्हणाले. मी म्हटलं त्यांनाच द्या. जरा वेळ लागला पण दिला. शाळेत मुलींच्या संडासाला पाणी नव्हतं, ते त्यांनी आणलं, तीन मीटिंगा भांडून.

यावरनं आठवलं, मी तिथं बसलेली असतानाच दोघं आले कुठल्या तरी गावचे. त्यांच्याकडच्या नव्या अध्यक्षांचा सत्कार, आणि शिल्डवर फोटो कुणाचा पाहिजे तर त्यांच्या मिस्टरांचा, बाईंचं नाव खाली बारीक. कर्नाटकात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, अध्यक्षपदालापण आरक्षण आहे, पण शिल्ड बघितलं तर निवडून कोण आलं तेच कळणार नाही. पोरीनं काही न बोलता टाईप केलं. ते गेल्यावर म्हणाली, हे रोजचं आहे अक्का.

बरं, आता तक्रारी. 6 तारखेला संध्याकाळी देतो म्हणाले, दिलं 7 ला रात्री साडेआठला, तोपर्यंत माझा जीव वर-खाली. त्यात एका शिल्डवर वेलांट्या इकडच्या तिकडं, 'महिला' वाचताच येईना. व्हॉट्सअॅपवरचा मराठी मजकूर त्यांच्या डिझाईनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, कोरलमध्ये, टाकला की असं होतंय, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसते. चूक दाखवल्यावर मालक आधी म्हणाले, एवढं कोण बघतंय मॅडम. हे आवडलं नाही. पोरीनं मात्र थांबून रात्री सव्वानऊला दुसरा पत्रा काढून दिला, जादा पैसे घेतले नाहीत. तेव्हा सल्ला असा की मजकूर हातानं कागदावर सुवाच्य लिहून द्या आणि प्रूफ स्वतः मोठ्यानं वाचा. शाली ठीकठाक, दोनशेवीसवाल्या पातळ आहेत, अडीचशेच्या घ्या. चंदनी हार म्हणून देतात ते लाकडाच्या सालीचे, वास दोन दिवस टिकतो. म्हैसूर पेटा, म्हणजे सत्काराला घालतात तो फेटा, मागितला तर म्हणाले बायकांना घालत नाहीत. पाडव्याच्या शोभायात्रेत आमच्या पोरी फेटे बांधून बुलेट चालवतात, तेव्हा चालतं! चार घेतलेच. संघाच्या अध्यक्षांना इतका शोभला म्हणून सांगू, काढायलाच तयार नव्हत्या.

कार्यक्रम चांगला झाला. ओळ वाचली की टाळ्या पडत होत्या, आणि टाळ्या योग्य जागी पडत होत्या, कारण लोकांना कळत होतं की कशाबद्दल. फळांची बुट्टी, शिल्ड सगळं दिलं, मग संघाच्या अध्यक्षांना दोन शब्द बोला म्हटलं तर त्या पेट्यासकट माईकवर आल्या आणि म्हणाल्या, शिल्ड लई चांगलं हाय, पण तुमची सभासदांची मीटिंग तेवढी साडेसहाला ठेवू नका, आमच्याकडं शेवटची बस सातला. बस आम्हा बायकांना जून 2023 पासून फुकट हाय, पण नसलेली बस फुकट असून काय करायचं. हॉल हसला, डायरेक्टर लोकांनी माना हलवल्या, आणि पुढच्या महिन्याची नोटीस आली परत साडेसहाचीच. मग मॅनेजरबाईंनी लेखी दिलं, खाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. आता मीटिंग चार वाजता असते.

यंदा परत तिथंच गेले. रेडी फॉर्मवर नावापुढं 'श्री./सौ./श्रीमती' छापलेलं असायचं ते गेलंय, त्या जागी आता 'कशासाठी' असा एक रकाना आहे. मालक म्हणतात त्यांचीच आयडिया. दुकानाच्या व्हिजिटिंग कार्डावर त्यांचा आणि त्यांच्या मुलाचा नंबर आहे, पोरीचा नाही, तिचा मी मागच्या बाजूला पेनानं लिहून घेतलाय.

पार्किंगचं नाव काढू नका, गाडी लांब लावून चालत जा. फेब्रुवारी संपायच्या आत ऑर्डर द्या. आणि सोमवारी जाऊ नका, सोमवारी ती नसते.