अंगकाठीची इंग्रजी विशेषणे आणि ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश

इंग्रजी शब्दकोश कितपत कामाचा आहे हे पाहायचे असेल, तर त्यात अवघड शब्द शोधण्यापेक्षा ‘थिन’ आणि ‘फॅट’ या नोंदी उघडाव्यात. माणसाच्या अंगकाठीचे वर्णन करणारी विशेषणे इंग्रजीत पंधरावीस तरी आहेत. आपल्याकडच्या छोट्या इंग्रजी-मराठी कोशांत मात्र त्यांतली निम्मी ‘बारीक’ आणि उरलेली ‘लठ्ठ’ एवढ्यावर आटोपतात. या कसोटीवर ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ची संकेतस्थळावरील विनामूल्य आवृत्ती बरीच वरची ठरते, तरी तिच्यात एक उणीव राहतेच.

ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना या कोशाची मूळ आवृत्ती तयार झाली. ती १९४२ साली टोकियोत छापली गेली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने ती आपल्या नावाने आणली. परभाषकासाठी कोश रचण्याची ही दृष्टी आजही नोंदींत दिसते. अर्थाच्या आधी कंसात एक छोटा शेरा असतो, आणि अंगकाठीच्या शब्दांत खरी माहिती याच शेऱ्यात असते. ‘स्लिम’ आणि ‘स्लेंडर’ यांना पसंतीचा शेरा आहे, तर ‘स्किनी’ला अनौपचारिक आणि बहुधा नापसंतीचा. वजन तेच असले तरी बोलणाऱ्याची नजर निराळी असते, हे एवढ्याशा जागेत कळते. ‘लीन’ मुख्यतः पुरुषांविषयी, बारीक पण तंदुरुस्त अशा अर्थाने येतो. आपल्या ‘सडपातळ’मध्ये ही तंदुरुस्ती गृहीत नसते.

‘थिन’च्या नोंदीखाली दिलेली चौकट मला सर्वांत उपयुक्त वाटली. आजारपणाने किंवा चिंतेने ओढल्यासारख्या दिसणाऱ्या माणसासाठी ‘गॉन्ट’, हाडे दिसू लागलेल्या हातांसारख्या अवयवांसाठी ‘बोनी’, अन्नाच्या अभावी झालेल्या गंभीर अवस्थेसाठी ‘इमेशिएटेड’, अशी उतरंड तीत नीट लावली आहे. ‘फॅट’खालच्या चौकटीत शिष्टाचार पुढे येतो. हा शब्द तोंडावर वापरू नये, ‘ओव्हरवेट’ त्या मानाने तटस्थ, ‘चबी’ मुख्यतः बाळांसाठी आणि मुलांसाठी, म्हणजे साधारण आपला ‘गुटगुटीत’, आणि ‘ओबीस’ हा डॉक्टरांच्या भाषेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार प्रौढांमध्ये बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ३० किंवा त्याहून अधिक असल्यास ही संज्ञा लागू होते. त्यामुळे जरा पोट सुटलेल्या शेजाऱ्याला ‘ओबीस’ म्हणणे हे थट्टेतसुद्धा निदान केल्यासारखे होते. (आपल्याकडे अशा वेळी ‘हेल्दी’ म्हणण्याची पद्धत आहे, लंडनमध्ये त्या शब्दातून पोटाचा बोध कोणालाही होणार नाही.)

‘स्टाउट’ची नोंद सावकाश वाचण्यासारखी आहे. माणसाविषयी तो शब्द जरा स्थूल असे सांगतो, बुटांविषयी आला की जाड आणि मजबूत, आणि धाडसी हा जुना अर्थही सोबत उभा असतो. एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्या वाचणाऱ्याला हे तिन्ही अर्थ एकाच नोंदीत सापडणे फार सोयीचे आहे.

उणीव अशी की दोन्ही चौकटी मेदाच्या कमीअधिकपणाभोवती बांधलेल्या आहेत, हाडापेराच्या घडणीभोवती नाहीत. थोराड बांध्याचा दणकट पुरुष ‘बर्ली’, काटक तो ‘वायरी’ आणि लांब हातापायांचा, चालण्यात अवघडलेपणा असलेला ‘लँकी’, हे शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहायची सोय नाही. प्रत्येकाची नोंद स्वतंत्रपणे उघडावी लागते आणि त्यासाठी तो शब्द आधीच ठाऊक असावा लागतो. मराठी वाचकाला नेमकी येथे मदत हवी असते, कारण ठेंगणाठुसका, धिप्पाड, काटक, किडकिडीत हे भेद त्याच्या मनात तयार असतात आणि तो त्यांना इंग्रजीत जागा शोधत असतो.

अशा वेळी कोबिल्डची जोड द्यावी. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या कामातून १९८७ साली निघालेला हा कोश अर्थ तुकड्यांत न देता पूर्ण वाक्यात देतो. ‘बर्ली’चा अर्थ सांगताना वाक्याचा कर्ताच पुरुष असतो, त्यामुळे हे विशेषण स्त्रीला सहसा लावत नाहीत हे वेगळ्या शेऱ्याविनाच ध्यानात येते. शब्दांचे गट मात्र ऑक्सफर्डने अधिक चांगले लावले आहेत, आणि ब्रिटिश व अमेरिकी दोन्ही उच्चार तेथे ऐकता येतात. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याला आणि पत्रव्यवहारापुरते इंग्रजी लागणाऱ्याला ऑक्सफर्डचे संकेतस्थळ पुरेसे आहे, त्यासाठी छापील जाडजूड प्रत घेण्याची गरज नाही. मात्र ज्याला मराठी कथेचे इंग्रजीत भाषांतर करायचे आहे, त्याने दोन्ही कोश उघडे ठेवूनच बसावे.