रबाळेचं एव्हिऑनिक्स शॉप: आमचं विमान वर जायचं आणि रडारवर खाली यायचं

विमानांची इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्या शॉपचा हा रिव्ह्यू तसा मोजक्याच लोकांच्या कामाचा आहे, पण ज्यांच्याकडे किंवा ज्यांच्या क्लबकडे जुनं सेसना, पायपर वगैरे छोटं विमान आहे आणि एटीसी (विमानांना रडारवरून सूचना देणारा कंट्रोल) दरवेळी "स्टॉप स्क्वॉक चार्ली, राँग इंडिकेशन", म्हणजे तुमची उंची चुकीची दिसतेय, पाठवणं बंद करा, म्हणून डोकं उठवतंय त्यांनी जरूर वाचा. चार स्टार.

आमचं भागीदारीतलं सेसना १७२ घाटावर असतं, मी ठाण्यात. प्रॉब्लेम असा की जमिनीवर सगळं ठणठणीत, टेकऑफनंतर पण ठीक, आणि जरा वर गेलं की कंट्रोलर विचारणार उंची कन्फर्म करा. आम्ही साडेतीन हजार फुटांवर आणि त्याच्या स्क्रीनवर दोन हजाराच्या आसपास! ३०० फुटांच्या वर फरक गेला की तो मोड सी, म्हणजे रडारला उंची पाठवणं, बंद करायला सांगणारच, त्याची चूक नाही. आणि आमचा अल्टिमीटर (उंची दाखवणारा काटा) एकदम चोख, तीच तर गंमत. पायलटसमोरचा अल्टिमीटर वेगळा आणि ट्रान्सपाँडरला (रडारला उत्तर पाठवणारं यंत्र) उंची पुरवणारा एन्कोडर वेगळा, पॅनलमागे कुठेतरी स्क्रूने बसवलेला छोटा डबा, ना काटा ना डायल. बाहेरची हवा दोघांना एकाच नळीतून, म्हणजे स्टॅटिक लाइनमधून, जाते पण एन्कोडर खाली काय सांगतोय ते आमच्यासारख्या जुन्या सेटअपमध्ये कॉकपिटमध्ये कुठे दिसतच नाही.

आधी दुसरीकडे दाखवलं होतं, नाव घेत नाही. तिथे पहिलं उत्तर काय, तर तुम्ही क्यूएनएच, म्हणजे लोकल प्रेशरचा आकडा, अल्टिमीटरवर नीट लावत नसाल. अहो, एन्कोडर कायम १०१३.२५ हेक्टोपास्कल धरूनच आकडा पाठवतो, लोकल प्रेशरचा हिशोब रडारच्या बाजूला होतो, मी अल्टिमीटरचा नॉब दिवसभर पिळत बसलो तरी त्याला काय फरक पडणारे? मग एन्कोडर बदलला, बिल लावलं, प्रॉब्लेम जिथल्या तिथे. मग म्हणे आता ट्रान्सपाँडर बदलू. म्हटलं राहू द्या.

रबाळे एमआयडीसीतलं हे शॉप एका ओळखीच्या एएमईने (विमान मेंटेनन्स इंजिनियर) सुचवलं. डीजीसीएचं कार-१४५, म्हणजे विमान दुरुस्तीचं, अप्रूव्हल आहे, भिंतीवर लावलेलं आहे, विचारलं तर नीट दाखवतात पण. तिथले मुख्य टेक्निशियन, सगळे त्यांना काकाच म्हणतात, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "२८०० च्या वर गेल्यावरच गडबड होते का?" मी उडालोच. होय म्हटलं, साधारण तिथूनच. "मग एन्कोडर कशाला बदललात, वायर बघायला हवी होती."

काका विमानापाशी आले. आधी पॉवर देऊन नुसतं बसवून ठेवलं कारण या जुन्या टाइपच्या एन्कोडरला आतून गरम व्हायला काही मिनिटं लागतात, त्याआधी घेतलेलं रीडिंग धरायचं नाही. मग स्टॅटिक पोर्टला टेस्टरचा पाइप लावून हवा हळूहळू ओढायला सुरुवात केली, म्हणजे विमान हँगरमध्ये उभं आणि अल्टिमीटरचा काटा मात्र चढतोय. बाजूला रडारसारखं विचारणाऱ्या रॅम्प टेस्टरवर ट्रान्सपाँडरचं उत्तर. २५०० ला २५००, २७०० ला २७००. काटा २८०० वर आला आणि टेस्टर परत २७००. काटा ३००० आणि टेस्टर २५००. ३५०० ला २०००, ४००० ला १५००. आम्ही जेवढं चढत होतो तेवढं रडारवर उतरत होतो! आमचा पार्टनर तर बघतच राहिला.

कारण काकांनी समजावलं ते असं. जुन्या सिस्टिममध्ये उंचीचा आकडा नऊ-दहा वायरींवरून एकदम जातो, प्रत्येक वायर म्हणजे एक बिट, आणि कोड असा रचलाय की दर १०० फुटांना एकाच वायरची स्थिती बदलते. त्यातली ए-४ नावाची वायर २८०० पर्यंत झोपलेली असते, तिथून पुढे १०७०० पर्यंत जागी. ती तुटलेली असेल तर खाली कोणाला पत्ता लागत नाही आणि वर गेल्यावर कोड आरशासारखा उलटा वाचला जातो. कनेक्टर उघडला तर एक पिन मागे सरकलेली, वरून बघितली तर जागेवरच वाटेल अशी. पिन बदलली, परत पूर्ण चढ-उतार करून दाखवला, सगळे आकडे कागदावर लिहून दिले, लॉगबुकात एएमईची सही. नवीन डबा विकायचा प्रयत्न शून्य.

काहींना वाटेल अल्टिमीटर बरोबर आहे तर एवढा आटापिटा कशाला. मोठ्या विमानांचं टीकॅस (टक्कर टाळायची यंत्रणा) तुमच्या ट्रान्सपाँडरने सांगितलेल्या उंचीवरच विश्वास ठेवतं, त्याला वाटणार तुम्ही दीड हजार फूट खाली आहात आणि तुम्ही असणार बरोबर समोर. १९८६ साली लॉस एंजेलिसजवळ एरोमेक्सिकोच्या विमानाला एक छोटं पायपर धडकलं, त्याच्या ट्रान्सपाँडरला उंची सांगायची सोयच नव्हती, ८२ माणसं गेली. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीला दोन विमानांच्या टकरीत ३४९, आणि तेव्हा दिल्लीच्या रडारला विमानांची उंची दिसत नव्हती. आता नवी मुंबईचा एअरपोर्ट पण सुरू झालाय, इथल्या आकाशात गर्दी कमी होणार नाहीये.

एक स्टार कापला तो ऑफिससाठी. फोन उचलत नाहीत, कोटेशन मागून मागून मिळतं, आणि व्हिजिटचा गाडीखर्च वेगळा लागतो हे बिल आल्यावर कळलं, तेही व्हॉट्सॲपवर आडव्या फोटोत. काकांना याबद्दल बोललो तर हसले आणि म्हणाले ते माझं डिपार्टमेंट नाही. ठाण्याहून जाणार असाल तर ट्रान्सहार्बरने रबाळेला उतरा, संध्याकाळी ऐरोलीच्या सिग्नलला गाडी घेऊन अडकू नका.

सिरियल एन्कोडरवर जायचं का विचारलं तर काका म्हणाले, जा, एकाच वायरवर डेटा येतो, ती तुटली तर उंची दिसायचीच बंद होते, निदान खोटी तरी दिसत नाही, पण आत्ता घाई नाही, पुढच्या टेस्टच्या वेळी बघू. खर्चावरून आमच्या भागीदारांत अजून वाद चालू आहे.