स्टेगोडॉनच्या लिफाफ्यावरचा पिनकोड

भूशास्त्र आणि प्रागैतिहासिक जीव या विषयावरची टपाल तिकिटे जमवणाऱ्यांना १३ जानेवारी १९५१ या तारखेचे मोल सांगावे लागत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शताब्दीनिमित्त त्या दिवशी दोन आण्यांचे तिकीट निघाले आणि त्यावर लांबलचक सुळ्यांचा, शिवालिकच्या खडकांतील जीवाश्मांमुळे ओळखला गेलेला स्टेगोडॉन गणेश हा नामशेष गजवर्गीय प्राणी अवतरला. तिकिटावर डायनासोर येण्यासाठी १९५८ साल उजाडावे लागले, तेव्हा चीनने लुफेंगोसॉरसचे तिकीट काढले. आपला स्टेगोडॉन त्याच्याही सात वर्षे आधीचा आहे. त्याचे प्रथम दिवस आवरण, म्हणजे तिकीट निघाल्याच दिवसाचा शिक्का असलेला लिफाफा, माझ्या संग्रहात नव्हते, आणि त्या उणिवेपायी मी ४६,८५० रुपयांना फसलो.

विक्रेता संग्राहकांच्या ओळखीतून आला होता. 'एका वृद्ध संग्राहकाचा संपूर्ण संच, कुटुंबाला जागा रिकामी करायची आहे,' ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे आणि मीही ती ऐकूनच होतो. पण त्याने जलचिन्ह (कागदातच उमटवलेली फिकट खूण), गोंद, कडेच्या छिद्रांचे माप यांविषयी इतक्या सफाईने बोलणे केले की मला संशय आला नाही. "सर, तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगणार?" हे वाक्य त्याने तीनदा उच्चारले. आधी ५,००० रुपये विसार, मग ३९,५०० रुपये आणि शेवटी कुरिअर व विम्याचे म्हणून २,३५० रुपये मी पाठवले. विम्याची पावती मागितल्यावर ती 'पार्सलमध्येच आहे' असे उत्तर मिळाले, तिथेच हात आखडायला हवा होता. तिकिटाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र न देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

परंतु ज्या क्षणाची आठवण मला अजून झोपू देत नाही तो याच्याही आधीचा आहे. आवरणाचे पहिले छायाचित्र त्याने कोपरा कापून पाठवले होते. मी हट्ट धरल्यावर पूर्ण छायाचित्र आले; ते मी मोठे करून शिक्क्याची तारीख वाचली, तिकिटाचा काळा आणि गडद तांबडा रंग पाहिला, आणि टंकलिखित पत्त्यावरून नजर पुढे नेली. त्या पत्त्याच्या शेवटी सहा आकडी पिनकोड होता. पिनकोड आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, हे मी स्वतः नवख्या संग्राहकांना सांगत आलो आहे, आणि १९५१ च्या लिफाफ्यावर तो माझ्या डोळ्यांसमोर असताना मला दिसला नाही. त्या काळीही शहराच्या नावापुढे टपाल विभागाचा एक-दोन आकडी क्रमांक लिहीत असत, त्यामुळे तिथे आकडे असणे डोळ्याला खटकले नाही, एवढेच मी माझ्या बाजूने म्हणू शकतो. तारीख पाहिली की पत्ता वाचा, अक्षर न् अक्षर वाचा.

बाकीचा मालही तसाच निघाला. स्टेगोडॉनच्या चार कोऱ्या तिकिटांच्या ब्लॉकवर ताऱ्यांचे जलचिन्ह नव्हते आणि अतिनील दिव्याखाली कागद निळसर उजळला, कारण चकाकी आणणारी रसायने आजच्या बहुतेक पांढऱ्या कागदात असतात. पोलंडचा १९६५ चा प्रागैतिहासिक प्राण्यांच्या दहा तिकिटांचा संच खरा होता, पण मागचा गोंद शाबूत ठेवून शिक्का मारलेला, म्हणजे टपालातून कधीच न गेलेला. उरलेली शीटलेट (मोजक्या तिकिटांची छोटी पाने) तर कोणत्याही टपाल खात्याने काढलेलीच नव्हती. दूरच्या देशाचे नाव छापून डायनासोर विकणाऱ्यांचा हा जुना धंदा आहे. २००२ पासूनच्या अशा शीटलेटसाठी जागतिक टपाल संघाच्या नोंदणी यादीत आधी शोध घ्या. सगळेच देश त्या यादीत नसतात, म्हणून नोंद सापडली नाही तर त्या देशाच्या टपाल खात्याकडे विचारणा करा.

पोलीस ठाण्यात मला दोन तास बसवून ठेवल्यावर 'जुनी तिकिटे कोण एवढ्याला घेतो?' असा प्रश्न विचारण्यात आला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८६ मध्ये बनावट टपाल तिकीट बनवणे आणि जाणूनबुजून विकणे हा गुन्हा आहे, हे मी छापील प्रत समोर ठेवून दाखवले. ती न वाचताच परत करण्यात आली आणि नोंदीत 'आपसातील खरेदी-विक्रीचा वाद' असे लिहिले गेले. त्या कलमाचा दंड दोनशे रुपयांपर्यंतच आहे, म्हणजे कायद्यालाही या मालाची फारशी पर्वा नाही. फसवणुकीचे कलम ३१८ लावा, असे विनवल्यावर सायबर विभागात जाण्यास सांगितले. तिथून पुन्हा ठाण्यात. टपाल कार्यालयातील तिकीटसंग्राहकांच्या काउंटरवर खासगी व्यवहाराशी संबंध नाही हे ऐकवले गेले, जणू त्यांच्याच खात्याच्या तिकिटाची नक्कल त्यांच्या दृष्टीने कोणाचाच अपमान नव्हती. बँकेने विचारले की पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले ना? हो, स्वतःहूनच पाठवले. फसवणूक याहून वेगळी कशी होते, हे मला कोणीतरी सांगावे. पैसे गेल्याचा संशय येताच त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवा. मी पार्सलची वाट पाहण्यात नऊ दिवस घालवले.

आणखी एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. संतापाच्या भरात मी त्या माणसाला सविस्तर लिहिले की १९५१ साली पिनकोड नव्हता, तुझी नक्कल त्यावरून पकडली गेली. त्याचे उत्तर आले नाही. गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाने तेच आवरण १८,००० रुपयांना विक्रीस आले आहे: तोच पत्ता, शिक्का त्याच कोनात कललेला, आणि शहराच्या नावापुढची जागा आता कोरी आहे.