शिवसागराच्या काठी कॅरॅव्हॅनमुक्काम: गाडी चांगली, विजेचं आधी तपासा

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून, कास ओलांडून बामणोलीकडे उतरलं की साधारण ३५ किलोमीटरवर कोयना धरणाचा फुगवटा, म्हणजे शिवसागर जलाशय, लागतो. तिथल्या काठावर एका शेतजागेत कॅरॅव्हॅन लावायची सोय झाली आहे आणि गाडीही तळवाल्यांकडूनच भाड्याने मिळते. हे परीक्षण तळ आणि गाडी, दोन्हींचं आहे.

गाडी फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली, चौघांना झोपता येईल अशी. सुतारकाम नीटनेटकं आहे, कप्प्यांची दारं गाडी चालताना उघडू नयेत म्हणून दाबाच्या कड्या आहेत, गॅसच्या कप्प्याला तळाशी जाळीचं भोक आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो. त्यामुळे हे भोक तळाशीच हवं आणि सामान ठेवून ते बुजवायचं नाही. उभारणाऱ्याला काम कळतं, हे इथंच दिसतं.

बॅटरी २०० अँपिअर-अवरची, १२.८ व्होल्टची लिथियम. म्हणजे हातात अडीच युनिट वीज. छपरावरचा एक टनी एसी तासाला सव्वा युनिटच्या आसपास खातो, म्हणजे दोन तासांत बॅटरी रिकामी. एसी न लावता फ्रिज, दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप एवढंच चालवलं तर तीच बॅटरी दोन दिवस पुरते. डिसेंबर-जानेवारीत इथं रात्री एसी लागत नाही, गोधडी लागते. मार्चनंतर मात्र बाहेरच्या जोडणीशिवाय भागत नाही, आणि तळाची खरी उणीव तिथंच आहे.

तीन गाड्यांसाठी तीन खांब, प्रत्येकावर १६ अँपिअरचा सॉकेट. त्यातल्या एका खांबावर अर्थिंगची पिन नुसती नावाला. मल्टीमीटर लावला की कळतं: फेज-न्यूट्रलमध्ये जेवढं व्होल्टेज, तेवढंच जवळपास फेज-अर्थला यायला हवं आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. इथं तिसरं माप ऐंशी-नव्वदवर डोलत होतं. गाडीचा सांगाडा पत्र्याचा आणि खाली रबरी टायर, म्हणजे आत कुठं गळती झाली की करंट जमिनीत न जाता पत्र्यावर थांबतो. ओल्या मातीत अनवाणी उभं राहून दाराच्या मुठीला हात लावणाऱ्यालाच तो झटका बसतो. गाडीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे, ही जमेची बाजू. जोडणी झाल्यावर त्याचं ‘टी’ बटण दाबून तो पडतो का, हे बघायचंच. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग तसंही कमजोर असतं आणि उन्हाळ्यात माती सुकली की आणखी बिघडतं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून फेब्रुवारीपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतलं तरी बराच फरक पडेल. तळवाल्यांनी हे मनावर घ्यायला हवं.

सोबत मिळणारी वायर ३० मीटरची, ड्रमवर गुंडाळलेली, दीड चौरस मिलिमीटरची. ती पूर्ण उलगडल्याशिवाय गीझर किंवा एसी लावू नका. वेटोळ्यांतली उष्णता बाहेर पडत नाही, आतले थर मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. दिलेल्या वायरच्या प्लगची एक पिन पिवळसर-तपकिरी झाली होती आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक किंचित फुगलं होतं. सॉकेट सैल असला की असं होतं. असा प्लग बदलून मागा, तसाच दामटू नका. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर स्वतःची असेल तर उत्तम.

पाण्याची टाकी १०० लिटरची. चौघांनी बादलीभर पाण्यात अंघोळ आटोपली तर दीड दिवस जातो. कॅसेट टॉयलेट, म्हणजे खालची टाकी ओढून काढता येते असं, १८ लिटरचं. चौघांत ते रोज रिकामं करावं लागतं, आणि त्यासाठी इथं स्वतंत्र शोषखड्डा आहे, तोही विहिरीपासून लांब. यासाठी तळाला पैकीच्या पैकी गुण. कॅसेटमध्ये फिनेल किंवा ब्लीच टाकू नका, झडपेच्या रबराचा कस जातो. झडप जड सरकू लागली तर सिलिकॉन ग्रीस बोटाने लावा, खाद्यतेल नको. भांड्यांचं पाणीही पाईप लांबवून काठाकडे सोडायचं नाही, त्याच पाण्यावर खालची गावं आणि गुरं आहेत.

जागा निवडताना महिना बघा. पावसाळ्यानंतर पाणी तळाच्या कुंपणापर्यंत असतं. मेपर्यंत ते खूप मागे हटतं आणि मध्ये उघडा गाळ उरतो. तो वरून भेगाळलेला, टणक दिसतो. खाली वीतभरावर ओला असतो. पाण्याजवळ फोटोसाठी गाडी खाली नेली की मागची चाकं रुततात. मग ट्रॅक्टरशिवाय इलाज नाही. वरच्या मुरमाच्या पट्ट्यावरच लावा. गाडी तिरकी राहिली तर मोरीचं पाणी निघत नाही. मोबाइलमधल्या लेव्हलवर एक अंश उतार दिसला तर तीन मीटरच्या लांबीत पाच सेंटीमीटरची फळी लागते. चाकांना दगडांऐवजी लाकडी ठोकळे लावा.

घाटात उतरताना दुसरा-तिसरा गिअर, ब्रेकवर सतत पाय नको. छपरावर एसी असल्याने उंची तीन मीटरच्या आसपास जाते, गावातल्या लोंबत्या वायरी आणि फांद्या बघत जा. फुलांच्या हंगामात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुट्टीच्या दिवशी, कासवर गाड्यांची रांग असते, पहाटे ओलांडा.

समोरच्या तीरावर कोयना अभयारण्य, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. वासोटा किल्ल्यावर जायचं तर बामणोलीहून वनखात्याची परवानगी आणि बोट लागते, पावसाळ्यात ते बंद. रात्री खरकटं बाहेर ठेवू नका, रानडुकरं येतात. जनरेटर तळावर चालू देत नाहीत, हे योग्यच.

भाड्यात किलोमीटरची मर्यादा धरलेली आहे आणि मोजणी साताऱ्यातून गाडी निघते तिथून सुरू होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दोन रात्री, एसीशिवाय, अशा बेताला पाचपैकी चार. उन्हाळ्यात, त्या खांबाचं अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत, अडीच.