पित्तनलिकेत खड्याचा संशय: आधी एमआरसीपी की थेट ईआरसीपी?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'सीबीडी ९ मिमी' (सीबीडी म्हणजे मुख्य पित्तनलिका) असं आलं की घरात चर्चा सुरू होते: एमआरसीपी करायची की ईआरसीपी? नावं सारखी असल्यामुळे दोन्ही एकाच जातीच्या तपासण्या वाटतात. पण एमआरसीपीत नलिकेचा फक्त फोटो निघतो, ईआरसीपीत खडा बाहेर काढता येतो.

एमआरसीपीसाठी ४ ते ६ तास उपाशी राहून एमआरआय मशीनमध्ये साधारण अर्धा तास निजायचं. सुई बहुधा लागत नाही, एक्स-रे नसतो. पित्त पांढरंशुभ्र दिसतं आणि खडा त्यात काळा ठिपका. ५ मिमीहून लहान खडा मात्र निसटू शकतो. पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

ईआरसीपीत गुंगी देऊन दुर्बीण तोंडावाटे, जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतात. तिथे पित्तनलिकेचं बारीक तोंड असतं. त्यातून नळी घालून डाय (एक्स-रेवर दिसणारं औषध) सोडतात, एक्स-रेवर खडा दिसला की तोंडाला छोटा छेद देऊन फुग्याने किंवा तारेच्या बास्केटने तो ओढून घेतात. स्वादुपिंडाची नळीही जवळजवळ तिथेच उघडते. तिला धक्का लागला की स्वादुपिंडाला सूज येते. १०० पैकी ३ ते १० जणांना हा त्रास होतो, बहुतेकांचा सौम्य, काहींचा गंभीर. रक्तस्राव आणि आतड्याला छिद्र त्याहून कमी. म्हणून निव्वळ 'बघायला' ईआरसीपी करू नये.

थेट ईआरसीपी केव्हा? सोनोग्राफीत नलिकेतच खडा दिसला असेल, किंवा बिलीरुबिन (काविळीची रक्ततपासणी) ४ मिग्रॅ/डेसीलीटरच्या वर आणि नलिकाही ६ मिमीहून रुंद असेल तर. कावीळ, हुडहुडी भरून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं एकत्र आलं तर नलिकेत पू धरल्याचा संशय घ्यायचा आणि त्याच रात्री गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठायचं, चतुर्थी दोन दिवसांवर असली तरी. लिव्हरचे एन्झाइम वाढलेत किंवा नुसती नलिका रुंद आहे, एवढंच असेल तर आधी एमआरसीपी. पित्ताशय काढलेल्यांची नलिका थोडी रुंद असतेच. खडे फक्त पित्ताशयात, बिलीरुबिन आणि नलिका नॉर्मल, तर सहसा दोन्ही नकोत. पित्ताशयाच्या ऑपरेशनचंच बोला.

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कावीळ म्हटली की झाडपाल्याचं गावठी औषध ठरलेलं. विषाणूची कावीळ बहुधा आपोआप ओसरते आणि श्रेय पाल्याला जातं. खड्याने नलिका अडली की शौच पांढुरक्या मातीसारखी, लघवी गडद चहासारखी होते, अंगाला खाज सुटते. तेव्हा पाल्यात दिवस घालवणं धोक्याचं.

ईआरसीपी ठरली तर आयएनआर आणि प्लेटलेट (रक्त नीट गोठतं का, हे पाहणाऱ्या तपासण्या) करून घ्या. रक्त पातळ करायच्या गोळ्यांची यादी दाखवा; त्या आपल्या मनाने बंद करू नका. स्वादुपिंडाची सूज टाळायला गुदद्वारातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन देणार का, हे विचारा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) कार्ड असेल तर मंजुरीचं आदल्या दिवशीच पाहा.

खडा पूर्ण निघाला नाही तर प्लास्टिकचा स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) ठेवतात. कावीळ उतरते, माणूस तो विसरतो, पण साधारण ३ महिन्यांत स्टेंट तुंबतो आणि तापाने परत आणतो. स्टेंट काढायची तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. पित्ताशयात खडे उरले असतील तर पित्ताशय काढायची तारीखही, शक्यतो २ आठवड्यांच्या आतली.