जुना प्रोजेक्टर घेताय? आधी त्याची सिग्नलची यादी उघडून पाहा

अर्जुनी मोरगावजवळच्या गावात आमचं बिछायत केंद्र आहे. मंडप, भांडी, साउंड सगळं आहे, फक्त पडदा नव्हता. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रा-नाटकांचा, सीझन लागायच्या आधी नागपूरला सीताबर्डीतून जुना प्रोजेक्टर आणला, २८,००० रुपयांत. मोठ्या हॉलात टांगतात तसला, ५,००० ल्युमेनचा. उजेडाबद्दल बोलायलाच नको. समाजमंदिराच्या चुन्याच्या भिंतीवर ट्यूबलाइट चालू असतानाही अक्षर वाचता येतं.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मात्र घोळ झाला. ग्रामसेवक साहेबांनी लॅपटॉप जोडला, खर्चाचा तक्ता भिंतीवर आला आणि उजवीकडचा रकाना गायब. मागून एक आबाजी ओरडले, "एकून किती झाले, तेच तं दिसून नाई राह्यलं!" मी ऑटो ॲडजस्ट दाबलं, केबल बदलली, काही फरक नाही. शेवटी साहेबांनी आकडे तोंडी वाचले. मला फार वाईट वाटलं. लोकांना बेरीज दाखवायलाच तर पडदा लावला होता.

रात्री घरी मेनू उघडून बसलो तेव्हा कारण सापडलं. हे मशीन आलेला प्रत्येक सिग्नल यादीत नोंदवतं: कोणत्या तोंडातून (केबल जोडायच्या जागेतून) आला, आडवी-उभी फ्रिक्वेन्सी किती (सेकंदाला किती ओळी आणि किती वेळा चित्र येतं), आणि त्यावर आपण रंग, जागा, कडा काय लावल्या. तोच सिग्नल पुन्हा आला की जुनी सेटिंग आपोआप लागते. यादीत साठच्या वर नोंदी होत्या, सगळ्या आधीच्या मालकाच्या. १०२४ बाय ७६८ ठिपके, ६० हर्ट्झ या नोंदीत त्याने उजवी कड झाकून ठेवली होती. साहेबांचा लॅपटॉप नेमका तोच सिग्नल देतो.

नोंद खोडायला गेलो तर खोडेना. जो सिग्नल भिंतीवर चालू आहे तो या मशीनमध्ये खोडता येत नाही. आधी दुसऱ्या इनपुटवर जायचं, मग खोडायचं. हे कळायला मला दीड तास लागला. नंतर सगळी यादीच साफ केली आणि एकेक सिग्नल नव्याने बसवला.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शाळेतल्या सरांचा लॅपटॉपही १०२४ बाय ७६८ वरच चालतो. मशीनला माणूस कळत नाही, फ्रिक्वेन्सी कळते. सरांसाठी चित्र सरकवलं की साहेबांचंही सरकायचं. यावर उपाय सोपा आहे: मागे व्हीजीएची दोन तोंडं आहेत, पहिलं ग्रामपंचायतीला आणि दुसरं शाळेला दिलं. नोंदी वेगळ्या झाल्या. क्रिकेटसाठी सेटटॉप बॉक्स एचडीएमआयवर आहे. त्याचा सिग्नल १०८० आय, ५० हर्ट्झचा, त्यामुळे तो कोणाच्या आड येत नाही.

तिन्ही नोंदींना लॉक लावलं. हे केल्याशिवाय राहू नका. 'सगळं खोडा' दाबलं तरी लॉक असलेली नोंद जात नाही, आणि मंडपात रिमोट कोणत्या पोराच्या हातात जाईल याचा नेम नसतो. नाव मात्र इंग्रजी अक्षरांतच देता येतं, हे खटकतं.

कीस्टोन, म्हणजे तिरकी दिसणारी चौकट सरळ करायची सेटिंग, या यादीत जात नाही. खांब आडवा आला, मशीन बाजूला ठेवलं की चौकट हातानेच सरळ करावी लागते. आणि मेनू उघडा असताना लाइन गेली तर केलेलं वाया जातं. माझं दोनदा गेलं. आता बदल केला की लगेच मेनू बंद करतो.

दुकानदाराने यातलं काही सांगितलं नाही. विकण्याआधी यादी साफ करून द्यायला त्याला पाच मिनिटं लागली असती. मशीनला माझ्याकडून पाचपैकी चार.

झाकणावर पट्टी चिकटवली आहे: १ पंचायत, २ शाळा, ३ मॅच. माझा पोरगा आता मला न विचारता लावतो.