बंद गाडी चालू करून देतो म्हणाला आणि ५१,४०० रुपयांना गंडवलं

वडील गेल्यापासून त्यांची २०११ ची गाडी जुळे सोलापूरच्या घराखाली झाकून उभी होती. आईला दवाखान्यात न्यायला रिक्षाची दगदग नको म्हणून ती रस्त्यावर आणायची ठरवली. विजापूर रोडचा एक गॅरेजवाला घरी येऊन बघून गेला. "टेन्शन घेऊ नका मालक, आठवड्यात शोरूमसारखी करून देतो की." शेजाऱ्यांनीच नाव सुचवलं होतं, त्यामुळे शंका घ्यायचं काही कारण नव्हतं.

टोचन १,५००, चार टायर १७,२००, फ्युएल पंप ७,८००, बॅटरी ५,४००, ब्रेक ६,५००, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग ४,५००, एचएसआरपी (सरकारी उच्च सुरक्षा) नंबरप्लेट २,५००, मजुरी ६,०००. सगळे यूपीआयने घेतले, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर. बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान. जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही.

गाडी ताब्यात घेताना टायरवरून हात फिरवला तर बोटं काळी झाली. कोऱ्या टायरवर रबराचे बारीक केस उभे असतात, हे मला माहीत आहे. इथे एकही नव्हता. नुसतं पॉलिश चोपडलेलं. तेव्हाच खाली वाकून आकडे वाचायला हवे होते! टायरच्या कडेवर 'डॉट' लिहिलेलं असतं, त्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. माझ्या टायरवर १११७ आहे, म्हणजे २०१७ चा अकरावा आठवडा. पण तपासणीची वेळ झाली म्हणून आईचे फोनवर फोन येत होते, आणि हा पठ्ठ्या समोर क्यूआर कोड धरून उभा. अशा वेळी कोण टायर वाचत बसतं? जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "सकाळीच भंगारवाला घेऊन गेला बगा."

जुने पार्ट काम सुरू व्हायच्या आधीच मागून ठेवा. नाही म्हणाला तर गाडी देऊच नका.

चौथ्या दिवशी सात रस्त्याला भर गर्दीत गाडी बंद पडली. दुसऱ्या मेकॅनिकने टाकी उतरवली. पंप जुनाच, जाळीला गंजाचा थर, आणि आत ते कित्येक वर्षांचं पेट्रोल, वार्निशसारख्या उग्र वासाचं. ते आधी काढून टाकायचं असतं, स्टार्टर मारत बसायचं नसतं. बॅटरीवरची तारीख खरवडलेली, वॉरंटी कार्ड कोरं. मागच्या ब्रेकचं ऑइल गळून ड्रमच्या आत पसरलेलं. पैसे गेले ते गेले, पण या ब्रेकवर मी आईला बसवून फिरवत होतो! हे मी विसरणार नाही.

नंबरप्लेटही बनावट निघाली. खरीवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला नंबर असतो, आणि ती स्नॅप लॉकने बसवतात. माझी साध्या स्क्रूने ठोकली होती. चारचाकीचा सरकारी दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे. प्लेटची नोंदणी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरच्या लिंकवरूनच करा.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "पक्कं बिल आहे का?" नाही म्हटल्यावर, "हा दिवाणी मामला, तुमचा आपसातला व्यवहार." टायरचे फोटो, पेमेंटचे स्क्रीनशॉट दाखवले, बघितलेही नाहीत. साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब, पुन्हा पहिल्यापासून सांगा. अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. जुना माल नवा म्हणून विकणं, खोटी नंबरप्लेट ठोकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कोणासाठी आहे? बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. म्हणजे चोर मोकळा आणि खुलासे मी देत फिरायचे!

पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. देत नसतील तर अर्ज वरिष्ठांना स्पीड पोस्टाने पाठवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. तिथला अर्ज तयार केलाय, दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी म्हणणं जोडून.

त्या गॅरेजला आता कुलूप आहे. कोणाची गाडी अजून अशा माणसाकडे असेल तर आधी आरसी आणि दोन्ही चाव्या ताब्यात घ्या, भांडण नंतर करा.